सहाव्या आठवड्यातले रोडगे

हे मी त्या माणसासाठी लिहितो आहे, जो आत्ता स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून बसला आहे आणि घरात सांगावं की नाही याचा विचार करतो आहे. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पाठ थोपटली, गावानं हार घातला, आणि आता छातीत पुन्हा तीच फडफड सुरू झाली आहे. बाबा रे, आधी उठ आणि घरात सांगून ये. मग निवांत बसून हे वाच. मी उलटं केलं, म्हणून मला एवढं लिहावं लागतंय.

माझं नाव भास्कर. चिखली तालुक्यातल्या उंद्रीला राहतो, दोन एकरात वांगी, मेथी, भेंडी करतो. वय सत्तावन्न. पण गावात माझी ओळख भाजीवाला म्हणून कमी आणि रोडगेवाला म्हणून जास्त. ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाचं पीठ जाडसर दळायचं, पुरीवर पुरी ठेवून गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, पोत्यात घालून राख झटकायची. मग फोडून त्यावर तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर हाणायचं. आमच्याकडं नवस फिटला की रोडगे. शंभर माणसांचे रोडगे निखाऱ्यातून नेमके केव्हा काढायचे हे मला नुसत्या वासावरून कळतं. वडिलांनी शेतीआधी मला ते शिकवलं.

वही माझ्या मुलीनं, वर्षानं आणून दिली. ती बुलडाण्याला शिक्षिका आहे. तिचं म्हणणं, बाबा, तुम्ही दिसेल त्याला धरून ही कहाणी सांगता, एकदाची लिहून काढा. लिहायला बसलं की शाळेतली मराठी आपोआप येते, त्याला माझा इलाज नाही. माणसं मात्र बोलली तशीच ठेवली आहेत.

मेथीचा वाफा

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सकाळच्या उन्हात मेथी उपटत होतो आणि एकदम छातीत, पिशवीत घातलेली कोंबडी फडफडते ना, तशी फडफड. मी वाफ्यातच बसलो. दम लागला, घाम फुटला. माझी बायको कांता चार वाफे पलीकडं जुड्या बांधत होती. तिनं पाहिलं, आली, काऊन बसले म्हणून विचारलं. मी म्हणालो, जराशी भोवळ. तिनं माझ्या छातीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

चिखलीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. इतका वेळ ती पाहत राहिले की मला वाटलं, हा माणूस वाचता वाचता झोपला. मग म्हणाले, हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत. आजार सांभाळला तर माणूस म्हातारा होतो. नाही सांभाळला तर आत रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत जाऊन बसते आणि लकवा मारतो. म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज, न चुकता. न चुकता हा शब्द ते दोनदा बोलले. तेव्हा मी दोनदा मान हलवली होती.

घरी येताना कांता एसटीत एक शब्द बोलली नाही. जी बाई खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक शेतातल्या कपाशीला नावं ठेवते, ती गप्प. मला आजाराची नाही, त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली.

कांताचा चहा

कांताचं चहाशी नातं माझ्यापेक्षा जुनं आहे. उठल्यावर एक, भाकरीआधी एक, दहाला एक, चारला एक, आणि पाहुणा आला तर त्याच्या निमित्तानं. लग्नघरं ती चहावरून लक्षात ठेवते. अमकीच्या लेकीचं लग्न म्हणजे पाणचट चाय, तमकीचं म्हणजे वेलदोडा.

त्याच शनिवारी ती मारुतीसमोर उभी राहिली आणि माणूस बरा होईस्तोवर चहा बंद, बरा झाला की गावाला रोडगे, असं बोलून आली. मी हबकलो. म्हणालो, अगं, दुसरं काही सोड. कारलं सोड, तसंही तू खात नाहीस. तर मला म्हणते,

"जे आवडतच नाई ते सोडून देवाले फसवू काय?"

झालं. रोज सकाळी माझ्यासाठी ती एक कप करायची आणि स्वतः कोमट पाण्याचा पेला घेऊन समोर बसायची. पहिले पंधरा दिवस तिचं डोकं असं दुखलं की घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. खरं सांगतो, त्या महिन्यात माझ्या हृदयाचा त्रास मला जेवढा झाला, त्याहून जास्त कांताच्या नवसाचा झाला. माझा चहा मला गोड लागेना. पुढं तिची चिडचिड कमी झाली, मला वाटलं सवय झाली बाईला.

माझं मात्र कमी होईना. गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. विहिरीवरून खांद्यावर पाइप घेऊन यायचं तर तीनदा टेकावं लागे. शेवटी दसऱ्याच्या सुमारास संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता तार घालून जाळून टाकू.

हृदयाचा वायरमन

डॉक्टर तरुण, चष्मेवाले. म्हणाले, तुमच्या हृदयाच्या नळ्या चांगल्या आहेत, वायरिंग बिघडलं आहे. आम्हा शेतकऱ्यांना हे पटकन समजतं. डीपीत, म्हणजे विजेच्या पेटीत, स्पार्किंग होत असलं की मोटर कशी अडखळते, ते आम्ही रोज पाहतो. मांडीच्या शिरेतून बारीक तार वर न्यायची आणि जिथून फालतू करंट निघतो ती जागा डागायची. कांता म्हणाली, म्हणजे बिब्ब्याचा चटका देतात तसंच की. डॉक्टरांनी थोडा विचार करून हो म्हटलं.

आदल्या दिवशी कागदावर सही घेतली. त्यात काय काय होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं असतं, ते वाचू नये असं मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सगळं वाचलं. मग वर्षाला म्हणालो की वांग्याच्या दुसऱ्या तोडणीला उशीर करू नका. ती रडायला लागली. मला फक्त वांग्यांचीच काळजी होती, पण पोरीला ते शेवटचे शब्द वाटले.

तार घालताना दुखलं नाही. खरी परीक्षा नंतर. मांडीवर वाळूची पिशवी, पाय सरळ, सहा तास हलायचं नाही. नाकाला खाज सुटली तर काय करावं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. तिथली सिस्टर माझं बोलणं ऐकून थबकली. तुमी बुलडाण्याचे काय, म्हणाली. ती आमच्याच जिल्ह्यातल्या संग्रामपूरची निघाली. मी हाव, म्हणजे हो, म्हटल्याबरोबर तिनं एक उशी जास्तीची आणून दिली, आडवं पडून पाणी कसं प्यायचं ते दाखवलं आणि जाता जाता माझं नाकही खाजवून गेली. त्या पोरीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, आतली जखम भरायला तीन महिने लागतात. तोवर बरं झालं किंवा नाही झालं, काहीच ठरवू नका. मधे धडधड झाली तर घाबरू नका, पण कळवा. गोळ्या सोडायच्या नाहीत. तीन महिन्यांनी येऊन दाखवा. एवढं सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं. त्यातलं आम्ही "घाबरू नका" तेवढं घेऊन घरी आलो.

रोडगे

पाच आठवडे हृदय शहाण्या बैलासारखं चाललं. सहाव्या आठवड्यात मार्गशीर्षाचा शनिवार आला, वांगी भरात होती आणि कांतानं जाहीर केलं की रोडगे घालायचे.

विरोध केला एकट्या निर्मलाताई गवईंनी. ताई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, आमच्या मागच्या गल्लीत राहतात, कांताची जिवाभावाची मैत्रीण. बौद्ध घरातल्या, नवसबिवस मानत नाहीत. रोडगे मात्र मानतात. त्या म्हणाल्या, डॉक्टरनं तीन महिने सांगितले ना, मग इतकी घाई काऊन? कांता म्हणाली, वांगे तीन महिने थांबतात काय?

मला कुणी आगीजवळ फिरकू दिलं नाही. पारावर खुर्ची टाकून, गळ्यात हार घालून नवरदेवासारखं बसवून ठेवलं. शंभर-सव्वाशे माणूस. रोडगे भाजायला गावातली उत्साही मंडळी. माणसं भुकेजली, ओरडायला लागली, आणि मंडळींनी निखारे उकरायला घेतले. मला खुर्चीत बसून वास आला. कच्च्या पिठाचा. मी ओरडलो, थांबा बे, अजून अर्धा तास. पण हार घातलेल्या माणसाचं कोण ऐकतं? रोडगे वरून लालभडक आणि मधे कच्चे. लोकांनी कडेकडेचं खाल्लं, मधलं गाईम्हशींना गेलं, आणि तोंडभरून कौतुक केलं.

मग कांताचा चहा. अकरा महिन्यांनंतरचा. पंगतीतल्या बायांनी तिला मधे बसवलं. तिनं बशीत ओतला, फुंकर घातली, डोळे मिटले आणि भुरका मारला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. लग्नाच्या दिवशी मी तिचा चेहरा पाहिला होता, वर्षा झाली तेव्हा पाहिला होता. तसा चेहरा मी तिसऱ्यांदा पाहत होतो. पुढं जो काही मूर्खपणा मी केला, तो त्या चेहऱ्यापायी केला.

परत

दोनच आठवड्यांनी वांग्याचं कॅरेट उचललं आणि पिशवीतली कोंबडी परत फडफडली.

मी बांधावर बसलो. कांता पाहत होती म्हणून एक झाड ओढून घेतलं आणि पानाखाली कीड शोधायला लागलो. बोट मनगटावर. दोन ठोके जवळजवळ, मग एक गायब, मग चार धावत सुटलेले. ही चाल माझ्या ओळखीची होती. कळवायचं होतं. मी कळवलं नाही.

भीती कशाची होती? मरणाची होतीच, नाही कशाला म्हणू. पण डोळ्यांसमोर आला तो कोमट पाण्याचा पेला. मी एक शब्द बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेला परत समोर आला असता. वर गाव म्हणालं असतं, रोडगे कच्चे राहिले म्हणूनच झालं. शंभर माणसांच्या साक्षीनं बरा झालेला माणूस मी, आता कोणत्या तोंडानं सांगू की बरा नाही?

मग एकाला एक लागत गेलं. घरात म्हणालो, ठणठणीत आहे. जानेवारीअखेर तीन महिन्यांची तारीख आली, तर सांगितलं की डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले यायची गरज नाही. कांतानं विचारलं, मग गोळ्या? तोंडातून निघून गेलं, बंद. आता बंद झालेल्या गोळ्या घरात कशा दिसतील? म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं मळ्यातल्या खोलीत, भेंडीच्या बियाण्याच्या डब्यात नेऊन ठेवली. रोज मळ्यात गेल्यावर गुपचूप घ्यायची. ज्या दिवशी जाणं झालं नाही, त्या दिवशी गोळी चुकली. पंधरा दिवसांत चारदा चुकली. न चुकता हा शब्द डॉक्टर दोनदा बोलले होते, हे मला त्या चारही दिवशी आठवलं.

त्याच दिवसांत एक गंमत झाली. मोरीमागच्या कढीपत्त्याला मुंग्या लागल्या. रांगाच्या रांगा. मी राख टाकली, हळद टाकली, हटेनात. कांता म्हणाली, यंदा कढीपत्ता गोड निघाला असंल. आणि तीस वर्षं भाजीपाला केलेल्या माझ्यासारख्या माणसानं ते मान्य केलं.

निर्मलाताईंची मुदत

एका दुपारी चालताना डोळ्यांपुढं अंधारी आली. घाबरून निर्मलाताईंकडं गेलो. म्हणालो, बीपी पाहा जरा. त्यांनी बीपी बाजूला ठेवलं, मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत पूर्ण मिनिट मोजलं. मिनिट झालं तरी मनगट सोडलं नाही. कवापासून, एवढंच विचारलं. मग मी सगळं सांगितलं. ठोक्यांचं ऐकताना त्या शांत होत्या. गोळ्या चुकल्याचं ऐकलं आणि उसळल्या.

"भास्करभाऊ, उद्या लकवा मारला ना, तर कांता चाय पेईल का नाई ते सोडा, तुमाले ती चमच्यानं पाजाची पाळी येईल. शनवारलोक तुमी सांगा. नाई तर मी सांगतो."

शनिवारपर्यंत रोजची गोळी त्यांच्यासमोर घ्यायची, हेही ठरलं. चार दिवस मी शाळेतल्या पोरासारखा जाऊन गोळी दाखवून गिळत होतो. चौथ्या दिवशी त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, तुमी दोघं मिळून मले येडी कराल. दोघं कसे काय, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

भेंडीचा डबा

शुक्रवारी भेंडीचे वाफे भिजवले. मी मनाशी पक्कं केलं होतं, उद्या सकाळी सांगायचं. पण कांता म्हणजे कामाला माझ्यापुढं. बी भिजत घालायला म्हणून तिनं डबा उघडला.

मी विहिरीवरून आलो तर ती खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली. मांडीवर डबा, हातात गोळ्यांचं पाकीट. मी म्हणणार होतो की जुन्या आहेत. त्याआधीच ती म्हणाली, हात द्या. मी हात दिला. तिनं तीन बोटं नेमकी नाडीवर ठेवली. तिला नाडी पाहता येते हे मला छत्तीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. निर्मलाताईंनी शिकवलं होतं तिला, माझ्या ऑपरेशनच्या वेळी.

मग म्हणाली, "मले माहीत होतं."

नुकत्याच झालेल्या संक्रांतीपासून माहीत होतं तिला. विहीर ते वाफा मी तीनदा टेकत होतो. कीड नसलेल्या झाडांवर कीड शोधत होतो. काम करताना मी गुणगुणतो, ते बंद झालं होतं. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो आणि विचारलं, मग बोलली काऊन नाहीस?

तेव्हा ती रडली. रडता रडता जे सांगितलं ते असं. नवसाच्या दुसऱ्याच महिन्यात तिचं डोकं फुटायची वेळ आली. निर्मलाताईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि कप समोर ठेवला. त्या दिवसापासून रोज चारला, नऊ महिने, ती तिथं चहा पीत होती. कधी एक, कधी दोन. म्हणजे नवस मोडलेला, आणि वर साऱ्या गावासमोर बशी हातात घेऊन अकरा महिन्यांनी पितेय असं दाखवलेलं. म्हणून माझे ठोके परत चुकायला लागले तेव्हा तिची खात्री पटली की मारुतीनं तिला पकडलं. हा आजार तिच्यामुळंच परत आला. मग तिनं त्या दिवसापासून खरोखरच चहा सोडला. मला कळू नये म्हणून सकाळी माझ्यासमोर कप भरायचा, मोरीकडं जायचं निमित्त काढायचं आणि ओतून द्यायचा.

"कुठं ओतायची?" मी विचारलं.

"कढीपत्त्यात."

मुंग्या! मला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबता येईना. उंबऱ्यावर आडवा होऊन हसलो. मी हळद टाकतोय, राख टाकतोय, आणि ही बाई रोज सकाळी मुंग्यांना साखरेचा चहा पाजतेय. तिनं डब्याचं झाकण माझ्या पाठीत घातलं आणि मग तीही हसायला लागली, डोळ्यांतलं पाणी तसंच. बी सांडलं, ते तसंच राहिलं.

हसणं ओसरल्यावर मी तिला सांगितलं की मी लपवलं ते फक्त तिच्या चहासाठी. मला वाटलं होतं, ऐकून तिला भरून येईल. ती म्हणाली,

"तुमाले काई झालं असतं, तर ते चाय माह्या घशाखाली उतरली असती काय?"

मला तेवढ्यात कळलं की मी तिच्या चहाची काळजी करता करता तिलाच विसरलो होतो. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

ती उठली. मळ्यातल्या चुलीवर भगोणं ठेवलं. दूध नव्हतं, कोराच केला, दोन कप. तिनं माझ्यासमोर बसून पूर्ण कप संपवला, मला उलटा करून दाखवला. मग वर्षाला फोन लावला, आणि वर्षानं डॉक्टरांना.

दुसरी खेप

डॉक्टरांनी ठोक्यांबद्दल एक शब्द बोलायच्या आधी गोळ्यांवरून मला दहा मिनिटं झापलं. बरोबर होतं त्यांचं. सोनोग्राफीत आत गुठळी नाही हे कळेपर्यंत आम्ही दोघं बाकावर हात धरून बसलो होतो. या वयात, दवाखान्यात, सगळ्यांसमोर. कांतानं हात सोडवून घेतला नाही.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या महिन्यांत ठोके परत चुकणं बऱ्याच जणांना होतं. त्याचा अर्थ ऑपरेशन वाया गेलं असा नाही. काहींचं आपोआप शांत होतं, काहींना राहिलेल्या जागा पुन्हा डागाव्या लागतात. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. आधी आला असतात तर एवढे दिवस त्रास काढावा लागला नसता. आणि मग मला ते दिसलं. मी, रोडगेवाला भास्कर, ज्यानं आयुष्यभर भुकेल्या लोकांना दरडावून सांगितलं की वरून लाल दिसला म्हणजे आतून शिजला असं नाही, त्यानं स्वतःच्या हृदयाला सहाव्या आठवड्यात निखाऱ्यातून काढलं होतं.

निघताना कांतानं हळूच डॉक्टरांना विचारलं की बायकोनं चहा प्यायला तर नवऱ्याच्या हृदयाला काही होतं का. डॉक्टरांनी चष्मा काढला. गंभीरपणे म्हणाले, मी दिवसाला सहा पितो, माझ्या बायकोचं हृदय उत्तम आहे. कांतानं मारुतीला हात जोडावेत तसे त्यांना जोडले.

होळीनंतर दुसऱ्यांदा तार घातली. वॉर्डात शिरलो तर संग्रामपूरची सिस्टर म्हणाली, आले काय परत? माहेरी आल्यासारखं वाटलं. शेजारच्या खाटेवर मोताळ्याचा एक कापूसवाला होता, पहिल्यांदाच आलेला, चेहरा पांढरा पडलेला. मी त्याला वाळूच्या पिशवीचं सांगितलं, आडवं पडून पाणी प्यायचं शिकवलं, आणि कागद वाचू नको म्हणालो. त्यानं वाचला होता. सगळे वाचतात.

आता

तीन महिने आम्ही कुणाला काही बोललो नाही. गाव विचारायचं, भाऊ, बरं हाये ना? कांता म्हणायची, भाजून राह्यलं अजून. मुदत संपली, तपासणी झाली, डॉक्टर खूश झाले, तरी आम्ही गप्प.

यंदाच्या मार्गशीर्षात रोडगे केले. नवस नाही, हार नाही, कारण नाही. वांगी भरात होती एवढंच. आगीजवळ मी स्वतः उभा. माणसं ओरडत होती, मी ओरडू दिलं. वास आला तेव्हाच काढले. निर्मलाताईंनी चार खाल्ले आणि म्हणाल्या, भाऊ, तुमचं हृदय दरसाली थोडंसं बिघडत जावो.

पूर्ण बरा झालो का? नाही म्हणता येत आणि हो म्हणायची घाई आता मी करत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी पाच-दहा मिनिटं कोंबडी फडफडते आणि बसते. गोळी रोज, घरातल्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी. मी विहिरीवरून न टेकता येतो आणि गुणगुणतो. शेजारच्या मळ्यातला माणूस म्हणतो की हृदयाबरोबर गळ्याचंही काही करता आलं असतं तर बरं झालं असतं.

रोज सकाळी आम्ही ओट्यावर बसतो. कांताच्या डाव्या हातात माझं मनगट, उजव्या हातात कप. कढीपत्त्याच्या मुंग्या केव्हाच गेल्या. परवा चहा पिता पिता एक ठोका चुकला, मग दुसरा. मला कळलं आणि तिच्या बोटांखाली तिलाही कळलं. मी तिच्या कपाकडं पाहिलं. छातीकडं नाही, कपाकडं. ती म्हणाली, "थांबा, येवढी चाय होऊ द्या." शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मग डॉक्टरांना फोन लावला.